पडझडीचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

मावळात पडक्या वास्तूचे देखणे छायाचित्र काढायला फारसे कौशल्य लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. वापर थांबलेल्या भिंतीवर तो पाहता पाहता शेवाळ चढवतो, वासे कुजवतो, कौले खाली आणतो आणि भेगेत पिंपळ रुजवतो. घाटमाथ्यावरचा बेवारस बंगला, बंद पडलेली भाताची गिरणी, गोठ्यामागे गंजलेले ऑइल इंजिन यांवर पावसाळी, मऊ उजेड पडला की कुणाच्याही हातून बरे चित्र निघते. त्या चित्राखाली बहुतेक वेळा एकच ओळ लिहिली जाते: काळाच्या ओघात हरवलेले वैभव.

माझा आक्षेप त्या ओळीला आहे. काळाने आजवर एकही गिरणी बंद केलेली नाही. रेल्वेमार्ग बदलतो, धरण बांधले जाते, जमीन विकली जाते, नवे यंत्र येते, वाटण्या होतात, कर्ज थकते, आणि या प्रत्येक वेळी कुणीतरी निर्णय घेतलेला असतो. काळाचे काम त्यानंतर सुरू होते, गंज चढवण्याचे. हा निर्णय गाळून नुसता गंज दाखवणारे छायाचित्र कितीही सुंदर असले तरी अर्धेच राहते.

बोरघाटातली जुनी रेल्वे पाहा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८५६ मध्ये घाटाचे काम हाती घेतले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढून वर आली. सुमारे २५ किलोमीटरच्या चढात २५ बोगदे होते आणि काही ठिकाणी चढण ३७ फुटांना एक फूट इतकी तीव्र होती. कड्यापाशी सरळ पुढे जायला वाव नव्हता. म्हणून खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ते कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने पुरे करवून घेतले. एका टप्प्यावर या कामावर ४० हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींत आणि अपघातांत त्यांतले कितीतरी घाटातच संपले. पुढे गाड्या लांब आणि जड झाल्या, विजेची इंजिने यायची होती, आणि १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग बदलला. उलटे वळण अनावश्यक झाले. आज त्या जुन्या मार्गाच्या दगडी कामाचे चित्र काढणाऱ्याने हे सारे सांगायला नको का? त्याशिवाय त्या कमानी कुठल्याही देशातल्या कुठल्याही पडक्या कमानी होतात.

त्याच घाटातला १८३० चा दगडी पूल तर आता चित्रांतच उरला आहे. मलमाच्या जाहिरातीवरून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो वाहतुकीची अडचण ठरला होता आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता मोकळा असताना, स्फोटांनी पाडला गेला. ती अडचण खरी होती, हे मान्य करायला हवे. त्याची छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण आपल्यासारख्या प्रवाशांनी ती बहुधा गाडीच्या काचेतून, कमानीखालून जाताना घेतली. दगडांची सांधणी, कमानीची जाडी, वरच्या रस्त्याची रुंदी यांच्या नोंदी तशा चित्रांत सापडत नाहीत. वास्तू उभी असेपर्यंत ती उद्याही असेल असे आपण धरून चालतो आणि नोंद लांबणीवर टाकतो.

काही पडझड तर उघडउघड आपल्या सोयीसाठी झालेली आहे. पवना धरणाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की जलाशयातून वाघेश्वराचे प्राचीन मंदिर वर येते. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असलेले ते देऊळ पाहायला गर्दी लोटते आणि चिखलात उभे राहून लोक फोटो काढतात. बहुतेकांच्या फोटोत देऊळ गूढ दिसते. त्यात गूढ काही नाही. पवना खोऱ्यातली शेते आणि घरे धरणाखाली गेली, त्यांच्याबरोबर देऊळही गेले, आणि त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढले. बुडालेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढची कित्येक दशके रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी हेच पाणी शहराकडे नेणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करणारे मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. देवळाच्या चित्राला हा संदर्भ जोडला की ते चित्र शहरातल्या माणसाशी बोलू लागते, कारण त्याच्या घरातला नळ त्या चित्राचा भाग होतो.

यंत्रांच्या बाबतीत आपली बेफिकिरी आणखी मोठी आहे. मळवलीची कहाणी तिची साक्ष आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना प्लेगच्या वर्षांत मळवलीला आला आणि पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. घराघरांतल्या भिंतींवरची लक्ष्मी, सरस्वती कितीतरी वर्षे या लहानशा स्टेशनाजवळच्या यंत्रांवरून छापून गेली. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे, कागद पुन्हा पुन्हा त्याच नेमक्या जागी बसवावा लागे आणि काम संपले की शिळा घासून नव्या चित्रासाठी कोरी केली जाई. १९७२ च्या आगीत छापखान्याचे फार मोठे नुकसान झाले. रविवर्म्यांबद्दल ग्रंथ आहेत. शिळा घासणारे, शाई लावणारे, रंगाला रंग जुळवणारे मावळातले हात मात्र त्या देवदेवतांच्या चित्रांखाली कुठेच नोंदलेले नाहीत.

याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी काम केले होते आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा मुद्रण-कारखाना काढला होता. त्याआधी ते पुरातत्त्व खात्यात होते आणि छायाचित्रण त्यांच्या हातात मुरलेले होते. जुन्या वास्तूंची नोंद आणि चालत्या यंत्राचे कसब या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने हाताळल्याचे हे उदाहरण मावळातले आहे. आपण या दोन्हींची फारकत केली: किल्ले आणि लेणी इतिहासाकडे, यंत्रे भंगाराकडे.

भंगाराकडे गेलेल्या या यंत्रांत गावचा अलीकडचा इतिहास आहे. साताऱ्याच्या कूपरचे किंवा खडकीच्या किर्लोस्करचे ऑइल इंजिन गावात आले तेव्हा उखळ-मुसळावर राबणाऱ्या बायकांचे कष्ट हलके झाले. पट्ट्यावर फिरणारा, भात सडणारा हलर बसला, सुगीनंतर आंबेमोहोराची पोती घेऊन आसपासच्या वाड्यांचे लोक गिरणीच्या ओट्यावर पाळीची वाट पाहत बसू लागले. मग वीज आली आणि इंजिनाची जागा मोटरने घेतली. रबरी रोलरच्या नव्या गिरण्यांत तांदूळ कमी तुटू लागला. द्रुतगती मार्ग झाल्यावर भाताच्या खाचरापेक्षा फार्महाउसच्या प्लॉटला किंमत आली. गिरणी का बंद पडली, याचे उत्तर गावागणिक वेगळे असेल, आणि म्हणूनच ते त्या त्या गावात विचारायला हवे. सातबारा आणि फेरफाराची नोंद जमीन कुणाकडून कुणाकडे गेली एवढे सांगते. इंजिनाचे चाक कुणाच्या हातांनी फिरवून ते सुरू होई, हे सांगणारा रकाना तलाठ्याच्या दप्तरात नाही. तो छायाचित्रकाराने भरावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पडक्या गोष्टींना स्वतःचे सौंदर्य असते, प्रत्येक चित्रावर इतिहासाचे ओझे का लादायचे? सौंदर्याशी माझे भांडण नाही. जर्मनीतल्या बेर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने १९५९ पासून काही दशके पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे घेतली, समोरून, ढगाळ उजेडात, खाली फक्त ठिकाण आणि वर्ष. त्या शिस्तीतूनच त्यांचे सौंदर्य जन्मले. पण त्यांच्या चित्रांतही कामगार नाही, आणि ती उणीव मला जाणवते. उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे आहे. मोटारींचे कारखाने ओस पडल्यावर तिथे छायाचित्रकारांची रीघ लागली आणि रिकाम्या दालनांची चित्रे जगभर गेली. तिथे अजून राहणाऱ्या लाखो लोकांना राग आला, कारण त्या चित्रांनी त्यांचे जिवंत शहर मेलेले ठरवले होते. १९८८ मध्ये बंद झालेले तिथले मिशिगन सेंट्रल स्टेशन पडझडीचे प्रतीक म्हणून किती वेळा छापले गेले. तेच दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा उघडले. एखादी वास्तू संपली, हा निवाडा देण्याचा अधिकार कॅमेऱ्याला नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. फोटो काढून ठेवला, आता पाडायला हरकत नाही, अशी सोयीची समजूत होऊ शकते. छायाचित्र जतनाची जागा घेऊ शकत नाही. पण जतनाची मागणी करायला आधी काय आहे ते माहीत असावे लागते. आपला स्मारकांचा कायदा साधारणपणे शंभर वर्षांपलीकडच्या गोष्टींचा विचार करतो. १९५० साली बसवलेला हलर त्याच्या नजरेत येणारच नाही. अशा वस्तूंसाठी नोंद हे संरक्षणाचे पहिले पाऊल आहे आणि बहुतेकदा शेवटचेही.

नोंद कशी करावी, याचा धडा मावळातच दगडावर कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले शिलालेख देणाऱ्यांची आणि घडवणाऱ्यांची नावे सांगतात. धेनुकाकटचा सामी हा सुतार, वेणुवासाचा मुलगा, त्याने दार केले, असे तिथे लिहिले आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि हा सुतार, दोघांनाही त्या लेण्यात जागा मिळाली. नाव, बापाचे नाव, गाव, धंदा आणि केलेले काम, एवढ्या पाच गोष्टींनी दोन हजार वर्षांपूर्वीचा एक कारागीर आपल्याला ठाऊक आहे. पन्नास वर्षांपूर्वी गिरणी चालवणाऱ्याबद्दल आपण इतकेही लिहून ठेवलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. मावळात पडक्या घराचे, यंत्राचे चित्र काढणाऱ्याने आधी मालकाची परवानगी घ्यावी. एखाद्याच्या अडचणीचे घर हे आपले दृश्य नव्हे. इंजिनावरची कारखान्याची पट्टी जवळून टिपावी. वास्तूची लांबी-रुंदी मोजावी. गिरणी कुणी घातली, कुणी चालवली, कधी आणि कशाने थांबली, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि त्यांना चालत असेल तर त्यांची नावेही लिहावीत. चित्र आणि मजकूर यांची एक प्रत गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्यावी, म्हणजे ज्यांचा इतिहास आहे त्यांच्याकडे तो राहील. शाळांनीही हाती घेण्याजोगे हे काम आहे: मुलांना कॅमेरा हाताळता येतो आणि आजोबा घरातच असतात.

हे काम पावसाळ्याआधीच्या महिन्यांत व्हायला हवे, कारण प्रत्येक जूनमध्ये काही भिंती जातात. त्याहून घाईचे कारण माणसांचे आहे. भिंत पडली तरी तिचे दगड काही वर्षे जागेवर राहतात. हलर चालवणारा गेला की तो कसा चालत होता, हे सांगणारे दुसरे कुणी गावात नसते. छायाचित्रकाराने आधी त्याच्याकडे जावे, वास्तूकडे नंतर.