पुतळ्याला एकलव्य दिसत नव्हता

एकलव्याच्या गोष्टीत आपण सगळे अंगठ्यापाशी अडकतो. मला त्याआधीचा भाग जास्त छळतो. तो मातीच्या पुतळ्यासमोर शिकला. पुतळ्याने त्याला कूळ विचारलं नाही, हाकलूनही दिलं नाही. पण त्या पुतळ्याला एकलव्य दिसतही नव्हता. तो कुठे चुकतोय, कधी कंटाळलाय, हे कळायला समोर कुणी नव्हतं.

वर्गातला स्मार्ट टीव्ही हा असाच पुतळा आहे का? हा प्रश्न मी नंदुरबारच्या संदर्भात विचारतो आहे, कारण तिथे तो टाळता येत नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. लोकसंख्येत आदिवासी दोन तृतीयांशाहून जास्त, आणि त्यांतले कितीतरी भिल्ल एकलव्याला आपला पूर्वज मानतात. तंत्रज्ञान इथे उशिरा पोचलं असंही नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. म्हणजे यंत्र आलं ते आधी बोटांचे ठसे घ्यायला आलं. शिकवायला नंतर.

आता वर्गात चला. धडगाव किंवा मोलगीकडच्या डोंगरातलं पहिलीचं पोर घरी पावरी किंवा भिली बोलतं. खाली नवापूरकडे मावची, कोकणी. गुरुजी पुष्कळदा बाहेरगावचे. त्यांची मराठी, फार तर अहिराणी. फळ्यावर ‘अ अननसाचा’. अननस या पोराने पाहिलेला नसतो. त्याचं बालपण मोह वेचण्यात आणि आमचूर वाळवताना बघण्यात गेलेलं असतं. मग टीव्ही येतो आणि अननस पडद्यावर गोल फिरतो. ही मदत आहे, तिला हसू नये. अननस दिसला. पण मोहाबद्दल या पोराला जे माहीत आहे ते गुरुजींना अजून कळलेलंच नाही, आणि टीव्हीलाही त्याची गरज वाटत नाही.

इथे शहरातले भले लोक एक वाक्य टाकतात: ‘यांना आधी वीज, रस्ते द्या, टॅब कसले देता?’ ऐकायला कळवळ्याचं वाटतं. मला ते दुसरा अन्याय वाटतो. पुण्यातल्या मुलाला नळ आणि वायफाय यांतलं एक निवड असं कुणी सांगत नाही. तोरणमाळच्या मुलीला अवकाशातून दिसणारी पृथ्वी बघण्याचा हक्क आज आहे, डांबरी रस्ता झाल्यावर नाही.

म्हणजे यंत्र हवं की नको, हा प्रश्नच चुकीचा. यंत्र हातात आल्यावर गुरुजींचं लक्ष कुणाकडे वळतं, हा खरा प्रश्न.

परितेवाडीचे रणजितसिंह डिसले आठवा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर्सचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. आपल्या लक्षात राहिले ते पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. पण पुरस्काराच्या वेळी सांगितलेल्या कामात त्याआधी आणखी एक गोष्ट होती. मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून ते कन्नड शिकले आणि पुस्तकं त्या भाषेत नेली. काळे-पांढरे चौकोन नंतर. राज्यभर पोचले ते मात्र फक्त चौकोन, कारण ते छापता येतात. भाषा शिकण्याचे कष्ट छापून वाटता येत नाहीत.

नर्मदेच्या काठावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या जीवनशाळांकडे पडदा नव्हता. पण मुलाची बोली वर्गात होती, आणि शिकवणारे पुष्कळदा त्याच परिसरातले. बोली आणि पडदा एकाच वर्गात असायला हरकत कोणती? तांत्रिक तर काहीच नाही.

गुरुजींच्या खिशातला फोन ऐकूही शकतो, हे आपण विसरलोय. आजीने सांगितलेली मोहाची गोष्ट पावरीत रेकॉर्ड करा, वर्गात लावा, पोरांना मराठीत समजावून सांगू द्या. रेंज लागत नाही, लिंक लागत नाही. त्या वीस मिनिटांत वर्गात सगळ्यात कमी जाणणारा माणूस म्हणजे गुरुजी, आणि पोरांना ते दिसतं! एरवी ‘मराठी येत नाही’ म्हणून गप्प बसणारी मुलगी तेव्हा दुभाषी असते.

यात धोकाही आहेच. तेच रेकॉर्डिंग संध्याकाळी ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं, की आजी नमुना होते. तिला विचारलं होतं का? आधीच गुरुजींचा फोन वरच्या दिशेने बघण्यात दमलेला असतो: हजेरी भरा, पोषण आहाराचा आकडा टाका, फोटो पाठवा, लिंक उघडा. वर बघणाऱ्या माणसाला समोरचं मूल दिसणार कधी?

शिक्षकांना तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण देताना मला म्हणून एक तास मागावासा वाटतो. त्या तासाला प्रोजेक्टर बंद. गावातली एखादी बाई पुढे उभी राहील आणि तीस गुरुजींना पावरीत दहा वाक्यं शिकवेल. ती हसेल, ते चुकतील, चहा प्यायला सगळे बाहेर येतील. त्यानंतर प्रोजेक्टर लावा, हवा तेवढा वेळ.