बहिणीची सही

ज्या माणसाला नाही म्हणणे शक्यच नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणायचे का? खानदेशातील मुस्लिम घरांत कर्ता माणूस गेला की हा प्रश्न उभा राहतो. पण तो कोणी उच्चारत नाही.

शरियतने वाटणीचा क्रम घालून दिला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि उरलेल्यातून वारसांचे हिस्से. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच. वसियत एकतृतीयांशापलीकडे जाऊ शकत नाही. समजा, रावेर-यावलकडचा एक शेतकरी 5 एकर केळीचा मळा मागे ठेवून गेला. घरात बायको, दोन मुलगे, एक मुलगी. 200 गुंठ्यांपैकी बायकोचे 25, प्रत्येक मुलाचे 70 आणि मुलीचे 35. भावाच्या निम्मा हिस्सा न्याय्य आहे का, यावर आपण पुष्कळ भांडलो. पण निदान हे 35 गुंठे तरी तिच्या हाती पडतात का?

काही जण कायद्याकडे बोट दाखवतात. 1937च्या शरियत कायद्याने शेतजमीन वगळली होती, कारण ती प्रांतांच्या अखत्यारीत होती. मद्रासने 1949 मध्ये आणि केरळने 1963 मध्ये ही फट बुजवली. परंतु धुळ्यातील घराला आणि यंत्रमागाला तर शरियत पूर्ण लागू आहे. तिथे तरी बहिणीचा हिस्सा सहज निघतो का? आणि हे आपल्यापुरतेच नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला; शेजारच्या घरातही हक्कसोडपत्र थांबलेले नाही. म्हणजे दोष केवळ कायद्याचा नाही.

चाळिसावा होतो आणि बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते. ‘तिने खुशीने दिले,’ असे भाऊ सांगतात. काही बहिणी खरोखरच खुशीने देतात. पण बहुतेकींच्या मनात हिशेब वेगळा असतो. उद्या नवऱ्याने टाकले तर कुठे जायचे? भाऊ तुटला तर ईदला कोणाचे दार? तिने जमीन सोडलेली नसते, माहेर विकत घेतलेले असते. मय्यत उचलण्याआधी बायकोकडून मेहर माफ करवून घेण्याची रीतही याच जातीची. शोकात बुडालेल्या बाईकडून काढलेला शब्द शब्द म्हणून धरायचा नसतो.

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. हिबा पूर्ण व्हायला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. जे माझ्या हाती आहे तेच मी देऊ शकतो, हा त्यामागचा साधा विचार. मग जे गुंठे बहिणीच्या हाती कधी आलेच नाहीत, ते तिने दिले असे कसे म्हणावे? कागद कायद्याने टिकेल. नीतीने टिकेलच असे नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागू द्या. एक-दोन हंगामांचा तिच्या वाट्याचा पैसा तिच्या हातात पडू द्या. त्यानंतर तिला द्यावेसे वाटले तर ते दान खरे. जमिनीचे तुकडे पडतील ही भीती असेल, तर मळा न तोडता तिच्या हिश्शाची किंमत मोजता येते.

आणि ज्या बापाला निम्मा हिस्सा मनाला पटत नाही, त्याचेही हात बांधलेले नाहीत. वसियतीची एकतृतीयांशाची मर्यादा धडधाकटपणी केलेल्या हिब्याला नाही. जिवंतपणी, ताब्यासह, तो मुलीला मुलाइतके देऊ शकतो. शरियत आड येत नाही. आड येते ती ‘मुलगी परक्याघरची’ ही समजूत, आणि तिला कुराणात कुठेही आधार नाही.