आधी ऐकावं



पहाटे घर शांत असतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. ती रात्रभर चालूच होती. आपण कान दिला तो आत्ता.

बँडमधली बेस गिटार अशीच असते. कान दिला तरच कळते.

टोनी लेव्हिन हे अमेरिकेतले नामवंत बेसवादक. ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट’ या त्यांच्या बँडमध्ये शब्द नाहीत. नुसती वाद्यं बोलतात. तिथे आधी ऐकावं लागतं, मग वाजवावं लागतं.

गायक पीटर गॅब्रिएल यांच्या एका गाण्यात ड्रमवादकाने लेव्हिन यांच्या बेसच्या तारांवर काठ्या वाजवल्या. तो नाद पुढे एकट्याने कसा काढायचा? गॅब्रिएल यांनी सुचवलं, काठ्या बोटांनाच बांधून पाहा. लेव्हिन यांनी ऐकलं. बोटांवर छोट्या काठ्या चढल्या आणि बेसला नवा आवाज मिळाला.

मित्रहो, हात मुरलेला होता. तरी कान नवा होता.

आपणही घरात, कामावर, रोज कुणाच्या तरी साथीला असतो. साथ देणाऱ्याने आधी ऐकावं. लहानाचं ऐकावं. थकलेल्याचं ऐकावं. सूर आपोआप जुळतो.

आजचा दिवस असाच सुरू करूया. आधी ऐकूया.