फळी

शाळेत परवा मुरलीकांत पेटकरांची गोष्ट मीच सांगितली. आमच्या पेठ इस्लामपूरचा माणूस. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचं बळ गेलं. १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला घरी घास उतरला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या उसाच्या फडात आष्टीकडचा एक तोडकरी पडला होता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पाय सरकला, पाठीवर आदळला. पायाला मुंग्या आल्यात, म्हणाला. मी त्याला काखेत धरून उठवून बसवलं.

अज्ञान म्हणावं तर तेही खरं नाही. आदल्याच वर्षी धाकटा भाऊ खंबाटकी घाटात गाडीवरून पडला, तेव्हा मी फोनवर ओरडून सांगत होतो, त्याला हलवू नका, बसवू नका, १०८ येऊ द्या. मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून चौघांनी सपाट फळीवर घ्यायचं असतं, हे मला ठाऊक होतं. फळी समोर पडली होती.

पण ट्रॉली अर्धी भरली होती. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तर पोलिसांत नोंद, खर्च, दिवस मोडणार. म्हणून कराडकडचा हाड बसवणारा बोलावला. माणूस सज्जन. खांदा निखळला, घोटा मुरगळला की आम्ही त्याच्याकडेच जातो. शहरातले कायरोप्रॅक्टरही हातानंच मणका मोकळा करतात, पण मार लागलेल्या पाठीत मोड नाही ना, हे आधी पाहावं लागतं. पाय बधिर असतील तर मणक्याला झटका द्यायचाच नसतो. त्यानंही विचारलं होतं, "फोटो काढलाय का?"

"साधी उसण भरलीय," मी म्हणालो.

त्यानं माझ्या शब्दावर पाठीला गुडघा लावला. रात्री लघवी अडली, तेव्हा कुठं मिरज. पडण्यानं किती गेलं आणि नंतर किती, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आडोशाला मी वर्षं काढली. बिल मी भरलं. गावानं मोठं मन म्हटलं, मी ऐकून घेतलं. त्या तोडकरी नवराबायकोचा कोयता, म्हणजे जोडी, मात्र मोडला, मुकादमाची उचल बायकोच्या एकटीच्या अंगावर राहिली.

तिनं वॉर्डाबाहेर विचारलं होतं, "मालक, पडल्या पडल्या आणलं असतं तर पाय वाचले असते का हो?"

मी नाही म्हणालो. डॉक्टरांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं.