यंत्राचें ज्ञान आणि वैमानिकाचा विवेक

कोणतें साधन घ्यावें आणि कोणतें न घ्यावें, हा प्रश्न सामान्यतः केवळ व्यवहाराचा समजला जातो. खिशांत पैसा किती आणि वस्तु टिकाऊ किती, एवढें पाहिलें म्हणजे झालें. नीतिविचारास तेथें बोलावण्याचें कारण नाहीं, असें पुष्कळांचें मत दिसतें. आमचें मत निराळें आहे. आणि तें स्पष्ट करण्यासाठीं प्रथमदर्शनीं कांहींसें दूरचें वाटणारें एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हौशी माणसास स्वतःच्या हातांनीं लहान विमान बांधून तें उडविण्याची कायद्यानें मोकळीक आहे. मुख्य अट ही, कीं विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं आपल्या शिक्षणासाठीं अगर करमणुकीसाठीं बांधलेला असावा. अशा विमानांस 'प्रायोगिक' म्हणतात. १९५३ सालीं या हौशी लोकांची संस्था स्थापन झाली, आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील ऑशकॉश येथें दर उन्हाळ्यांत तिचा मोठा मेळा भरतो. कारखान्यांत तयार झालेल्या विमानांत नवें उपकरण बसवावयाचें तर सरकारी मान्यतेच्या कसोट्या आड येतात. प्रायोगिक विमानाच्या मालकास मात्र याबाबतींत पुष्कळच स्वातंत्र्य असतें. आणि जेथें स्वातंत्र्य तेथेंच नीतीचा प्रश्न उभा राहतो.

आतां अशा मालकापाशीं एकाच नव्या उपकरणापुरता पैसा आहे असें समजा. बाजारांत त्याच्यापुढें अनेक वस्तु मांडलेल्या असतात. धुक्यांतही पुढील डोंगरदऱ्यांचें चित्र काढून दाखविणारा पडदा आहे. वैमानिकाच्या ऐवजीं विमान सरळ धरून ठेवणारा ऑटोपायलट आहे. दूरच्या पावसाचा नकाशा देणारी सोय आहे. उलट, पंख आणि समोरून येणारा वारा यांमधील कोन दाखविणारें एक लहानसें यंत्रही आहे. हा कोन मर्यादेबाहेर गेला कीं, वेग कांहींही असो, पंखाची उचलून धरण्याची शक्ति एकाएकीं ढांसळते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरची उष्णता वेगवेगळी सांगणारें यंत्रही आहे. पहिल्या प्रकारचीं उपकरणें, आपणांस आणखी कोठें जातां येईल, हें सांगतात. दुसऱ्या प्रकारचीं, आपलें कोठें बिघडत आहे, हें सांगतात. मनुष्यस्वभाव असा, कीं मन प्रथम पहिल्या प्रकाराकडेच धांव घेतें.

येथें कोणी म्हणेल, कीं आम्ही यंत्रांची निंदा करीत आहों. तसें मुळींच नाहीं. ढगांत क्षितिज दिसेनासें झालें म्हणजे मनुष्याच्या कानांतील तोल राखणारें इंद्रिय त्यास फसवितें. १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत, यंत्रांवरून उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांवर प्रयोग झाला. क्षितिज झांकल्यावर विमान हातचें जाण्यास सरासरीनें १७८ सेकंद पुरले. उलट, २४ सप्टेंबर १९२९ रोजीं जेम्स डूलिटल यानें चोहोंकडून झांकलेल्या बैठकींत बसून, केवळ यंत्रांच्या आधारें, विमान वर नेलें, फिरविलें आणि खालीं उतरविलें. इंद्रियांपेक्षां यंत्राची साक्ष खरी मानण्यास शिकणें हा अहंकाराचा पराभव आहे, आणि त्याबद्दल यंत्राचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु डूलिटलच्या त्या उड्डाणामागें महिनोन्‌महिने केलेला अभ्यास होता. आणि त्या दिवशींही पुढच्या बैठकींत सावधगिरीसाठीं दुसरा वैमानिक होताच.

अभ्यासावांचून साधन आलें म्हणजे काय होतें, याविषयीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २०१० सालचा अहवाल मननीय आहे. २००२ ते २००६ या काळांत कारखान्यांत बांधलेल्या एका इंजिनाच्या लहान विमानांची त्यांत तुलना आहे. सर्व माहिती पडद्यावर दाखविणाऱ्या विमानांस एकंदर अपघात कमी झाले. परंतु प्राणघातक अपघातांचें प्रमाण जुन्या तबकड्यांच्या विमानांपेक्षां अधिक निघालें. हीं नवीं विमानें दूरच्या प्रवासास आणि ढगाळ हवेंत अधिक नेलीं जात, हेंही त्याच अहवालांत दिसतें. साधन आलें, आणि त्याबरोबर धाडसाची सीमाही पुढें सरकली, असा अर्थ आम्ही त्यावरून काढतों. पुढें २०१२ सालीं मंडळानें वैमानिकांस बजावलें, कीं पडद्यावरील पावसाचें चित्र त्यावर दाखविलेल्या वेळेपेक्षांही पंधरा ते वीस मिनिटें जुनें असूं शकतें. तेवढ्या अवकाशांत वादळ कोठच्या कोठें जातें!

आपल्या जिवावर उदार होण्याचा हक्क मनुष्यास आहे कीं नाहीं, हा वाद आम्ही बाजूस ठेवतों. १९२७ सालीं चार्ल्स लिंडबर्ग अटलांटिक महासागर ओलांडण्यास निघाला, तेव्हां वजन वांचवून अधिक इंधन घेतां यावें म्हणून त्यानें रेडिओ मागें ठेवला आणि पॅराशूटही मागें ठेवलें. त्या निवडीचें फळ त्यास एकट्यासच भोगावयाचें होतें, कारण विमानांत तो एकटा होता. हौशी मालकाच्या शेजारीं मात्र पुष्कळदां पत्नी, मुलगा अगर स्नेही बसतो. हें विमान हौशी माणसानें बांधलेलें असून नेहमींच्या विमानांचे सुरक्षिततेचे नियम त्यास लागू नाहींत, अशी सूचना प्रवाशास दिसेल अशी लावण्याची कायद्याची आज्ञा आहे. पण त्या पाटीसमोरच रंगीत पडदा झळकत असतो, आणि पाहुणा पाटी विसरून पडद्याकडे पाहून निर्धास्त होतो. तो ज्यावर विश्वास टाकीत आहे तें यंत्र वापरण्याइतका आपला अभ्यास झाला आहे काय, हें फक्त मालकासच ठाऊक असतें. मालकाची खरी परीक्षा येथें आहे.

म्हणून आमच्या मतें मालकानें यंत्रांची यादी चाळण्यापूर्वीं आपली उड्डाणांची वही उघडावी. उतरतांना आपला हात अस्थिर होतो असें तींत आढळलें, तर कोन दाखविणारें यंत्र घ्यावें आणि शिक्षकाजवळ बसून तें वापरण्यास शिकावें. चुकून ढगांत सांपडण्याची भीति असेल तर ऑटोपायलट खुशाल घ्यावा. पण तो मागें फिरण्यासाठीं, पुढें रेटण्यासाठीं नव्हे. यंत्र बसविण्याच्या आदल्या दिवशीं ज्या हवेंत आपण मुलास घेऊन उडालों नसतों, त्या हवेंत यंत्र आलें एवढ्याच कारणानें दुसऱ्या दिवशीं उडूं नये. साधन निवडतांना मनुष्य एक तर आपल्या दोषांची कबुली देतो, नाहीं तर आपल्या हौसेस सबब शोधतो. यांपैकीं आपण काय करीत आहों, हें त्यानें पैसे मोजण्यापूर्वीं, शेजारच्या बैठकींत बसणाऱ्या माणसास स्मरून, स्वतःस विचारावें.