खरं निघालं, म्हणून खरं बोललो का?



गेल्या गुरुवारच्या बैठकीत अकरावीतल्या एका मुलाने वहीत एक आकडा लिहून आणला:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकोणचाळीस अंकी! १२७ वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की हा येतो. ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही.

आम्हाला आकड्यापेक्षा त्याची गोष्ट लागली. फ्रान्समध्ये मर्सेन नावाचे एक साधू होते, गणिताचे जाणकार. १६४४ साली त्यांनी लिहिलं की २५७ व्या घातापर्यंत असं केलं तर अमुक अकरा वेळाच मूळ संख्या मिळते. यादीत ६७ होता, १२७ होता, २५७ पण होता. एवढे मोठे आकडे तपासायची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती. तरी यादी चालली. मोठ्या माणसाचा शब्द ना!

२३२ वर्षांनी, १८७६ मध्ये, एदुआर ल्युका यांनी परीक्षा घेतली. एकेका संख्येने भागत बसायचं तर वीस अंकी भाजकांपर्यंत जावं लागलं असतं. सात जन्म पुरले नसते. त्यांनी वेगळी वाट काढली. लहान संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, मोठ्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची आणि पुन्हा तेच. असं शंभराहून जास्त वेळा, हाताने. १२७ वाली मूळ निघाली. ६७ वाली मात्र नाही, हेही ल्युकांनीच दाखवलं. ती कशाने भागली जाते ते न सापडताच! ते १९०३ मध्ये कोल यांनी मांडलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. पुढे २५७ सुद्धा चुकला, आणि ६१, ८९, १०७ यादीत राहूनच गेले होते असं कळलं.

मग मर्सेन १२७ बद्दल खरं बोलले का? बैठकीत दोन तट पडले. काहीजण म्हणाले, संख्या आधीपासून मूळच होती, कुणी तपासो न तपासो. म्हणजे बोलणं खरंच. आम्हाला हे पटत नाही. ६७ आणि १२७ एकाच दमात, तेवढ्याच आधारावर सांगितले. एक बरोबर आला, तो त्या संख्येचा गुण. सांगणाऱ्याच्या पदरात तो कसा टाकायचा?

हे लिहिताना आमचीच जीभ अडखळते आहे. मागच्या पावसाळ्यात या ग्रुपवर साखरेवरच्या काढ्याचा मेसेज आम्हीच पुढे पाठवला होता. ‘हजारोंचा अनुभव’ असं त्यात होतं. एका काकूंनी आठवडाभर गोळी बंद ठेवली. देवाच्या कृपेने काही बिघडलं नाही, आणि आम्ही मनात म्हटलं, बघा, काढा चांगलाच होता.

काकूंनी नंतर सहज विचारलं, “तुमच्यापैकी कुणी घेतला होता का हो तो?”

कुणीच घेतला नव्हता.