ही यादी परत घेऊन जा

बस समोर, आणि मान वर करून ऐक. संगणकाच्या भागांची तुझी यादी मी दोनदा वाचली. साडेतीन लाखांची खरेदी, आणि तिच्यामागे एका कागदाचाही हिशेब नाही. अकरावी-बारावीला तुला भौतिकशास्त्र मी शिकवलं. वॅट म्हणजे काय, वीज शेवटी उष्णतेत कशी जाते, तापमानातला फरक कशावर ठरतो, हे सगळं तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते फक्त पेपरपुरतं होतं का?

पहिली ओळ बघ. आरटीएक्स ५०९०. एकट्या ग्राफिक्स कार्डाचे दोन लाखांवर. त्याखाली प्रोसेसर, रायझन ५ ५५००. त्याखाली १६ जीबी रॅम, तीही एकाच पट्टीत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ खेळायचा म्हणतोस, तर त्यांनी स्वतः छापलेला तक्ता तरी उघडायचास. किमान रॅम १६ जीबी, शिफारस ३२ची, आदर्श ६४ची. आदर्श रकान्यात कार्ड आरटीएक्स ४०८० आहे आणि प्रोसेसर रायझन ९ ७९००एक्सच्या तोडीचा. म्हणजे तुझं कार्ड आदर्श रकान्याच्या पार पुढे, रॅम किमान रकान्यात, आणि प्रोसेसर आदर्श रकान्याच्या पार मागे. याला निवड म्हणत नाहीत. जे सगळ्यात महाग होतं ते तू आधी उचललंस आणि उरलेल्या पैशांत बाकीचं कोंबलंस.

तुझे वडील भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये आहेत, म्हणून तुला तुझ्याच गावातली गोष्ट सांगतो. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हा कारखान्याची क्षमता वर्षाला १० लाख टन ठरली होती. पुढे ती २५ लाख झाली, मग ४० लाख. प्रत्येक वेळी कोक ओव्हन, फर्नेस, स्टील मेल्टिंग शॉप आणि मिल यांचा मेळ बसवावा लागला. नुसती फर्नेस वाढवली असती तर वितळलेलं लोखंड नेलं असतं कुठे? या गावात वाढलेल्या मुलाला हे मला सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

आता सिम्युलेटरच्या आत काय चालतं ते ऐक. पडद्यावर एक चित्र उमटण्याआधी प्रोसेसरला विमानाची लिफ्ट, ड्रॅग, इंजिन, इंधन, वारा, आजूबाजूची विमानं आणि कॉकपिटमधली प्रत्येक यंत्रणा मोजावी लागते. मग तो कार्डाला सांगतो, हे रंगव. प्रोसेसरला आठ कोअर असोत की सोळा, यातलं बरंचसं काम एकाच मुख्य थ्रेडवर एकामागून एक होतं. एका चित्राला त्या थ्रेडला ४० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला २५ चित्रं मिळतील. कार्ड दोन लाखांचं असो नाहीतर वीस लाखांचं, सव्विसावं चित्र येणार नाही. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर मोठं एअरबस उतरवताना हेच होतं. कार्ड हात बांधून बसतं आणि विमान झटके खात उतरतं.

मित्राच्या घरी तू तो खेळ चालवून आलास. त्यात डेव्हलपर मोड असतो. तो चालू करून फ्रेमचा आकडा दाखवायला सांगितलं की मेन थ्रेड अडवतोय की ग्राफिक्स कार्ड, हे तिथेच लिहून येतं. एक्स-प्लेनमध्येही प्रोसेसरचा आणि कार्डाचा वेळ वेगवेगळा दिसतो. दोन मिनिटांचं मोजमाप होतं. तू मोजलं नाहीस. तुझी सगळ्यात मोठी चूक ही आहे, बाकीच्या चुका तिच्यातूनच निघाल्या.

फ्रेम जनरेशन सगळं सांभाळून घेईल, असं तू परवा मला म्हणालास. त्यात दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतः तयार केलेली चित्रं घालतं. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, पण तू स्टिक ओढल्यावर विमानाचं नाक उचललं जाणार ते पुढच्या खऱ्या चित्रातच. उतरताना धावपट्टी जवळ आली की फरक तुझ्या हाताला कळेल. चांगल्या पायावर ती सोय उपयोगी आहे. पायाच्या जागी ती घालता येत नाही.

प्रोसेसरसाठी एक गोष्ट ध्यानात धर. सिम्युलेटरची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि प्रोसेसरचा बराच वेळ ती येण्याची वाट बघण्यात जातो. म्हणून मोठी कॅश इथे कामाला येते. एएमडीच्या ७८००एक्सथ्रीडी आणि ९८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरांत ९६ एमबी एल-थ्री कॅश आहे. तू लिहिलेल्या ५५००मध्ये ती १६ एमबी आहे. पहिला पैसा इथे जायला हवा होता. त्यानंतर १६ जीबी मेमरीचं एखादं कार्ड, ५०७० टीआय किंवा फार तर ५०८०. रॅम दोन सारख्या पट्ट्यांत घे, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातील. चार पट्ट्या भरायचा मोह नको, या प्रोसेसरांच्या बोर्डांवर चार पट्ट्यांनी डीडीआर५चा वेग खाली येतो. आणि बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालू कर. ते केलं नाही तर ६०००ची रॅम विकत घेऊन ती बऱ्याचदा ४८००वर चालत राहते.

फोर-के मॉनिटर १४४ हर्ट्झचा लिहिलास. फोर-केमध्ये जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये सुमारे ३७ लाख. सव्वादोन पट रंगकाम. बंदुकीच्या खेळात १४४चा उपयोग होतो. विमानात अखंड ४० चित्रं मिळाली तर हात शांत राहतो. ८०वरून मध्येच २०वर आदळणारा आकडा मात्र तुझं लँडिंग बिघडवेल. स्थिरता विकत घे, कमाल आकडा नको.

आता विजेचं बघ. ५०९० हे कार्ड ५७५ वॅटपर्यंत खेचतं. उत्पादकानं त्यासाठी १००० वॅटचा पॉवर सप्लाय सांगितला आहे. तू ७५० वॅटचा, नाव न लिहिलेला एसएमपीएस लिहिलास. खाली ६०० व्हीएचा यूपीएस. व्हीए आणि वॅट एक नसतात, हे मी तुम्हाला पॉवर फॅक्टर शिकवताना फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. लाइट गेल्या क्षणी तो तुझं यंत्र सावरणार नाही, त्याच्यासोबतच बंद पडेल. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं अॅक्टिव्ह पीएफसी असतं, आणि स्वस्त यूपीएसच्या नकली साइन वेव्हवर त्यातले काही अडखळतात. प्युअर साइन वेव्हचा घे, आणि किती वॅटचा हे बेरीज करून ठरव. यूपीएस उडत राहण्यासाठी नसतो, काम जपून बंद करण्यासाठी असतो. खोलीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. कार्डाच्या वीजजोडणीची पिन पूर्ण आत बसव आणि तिथेच केबल वाकवू नको. २०२२मध्ये ४०९०च्या अशाच जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि अर्धवट बसलेली पिन हे त्यातलं एक कारण निघालं.

आणि मे महिना? दुर्ग-भिलाईचा पारा ४४-४५वर जातो, हे तुला दुसऱ्या गावच्या माणसानं सांगायचं का? पंखा असो की पाण्याचं कूलिंग, कुठलंही यंत्र खोलीच्या हवेपेक्षा खाली प्रोसेसरला थंड करू शकत नाही. हवा २५वर असताना जो प्रोसेसर ७०ला पोचतो, तो ४०च्या खोलीत त्याच कामाला ८५च्या आसपास जाईल. तुझ्या यादीतलं यंत्र पूर्ण भारावर सात-आठशे वॅट घेईल, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन तुझ्याच क्वार्टरच्या दहा बाय दहाच्या खोलीत साठेल. त्यावर तू पुढून काचेनं बंद असलेलं, दिव्यांचं कॅबिनेट निवडलंस. हवा कुठून येणार? पुढे जाळी असलेलं घे, धुता येणारा फिल्टर बघ, आणि महिन्यातून एकदा तो खरोखर धू, कारण इथली धूळ तुला माहीत आहे. डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर मात्र कॅबिनेट ठेवायचं नाही. त्या हवेतून पाण्याचे थेंब आणि क्षार येतात.

नेटचा विचार यादीत कुठेच नाही. २०२४ची आवृत्ती जमिनीची चित्रं उडता उडता नेटवरून खेचते. तक्त्यात शिफारस ५० एमबीपीएसची आहे, आदर्श १००ची. तुमच्या घरी संध्याकाळी खरा वेग किती मिळतो ते सलग काही दिवस मोज. कमी पडत असेल तर एक्स-प्लेन १२ बघ, त्याचा भूभाग आधी डाउनलोड करून डिस्कवर ठेवता येतो. मग एसएसडीची जागा त्या हिशेबानं वाढव. म्हणजे कुठला सिम्युलेटर हे आधी ठरतं, भाग नंतर.

आता ज्यानं मला खरा राग आला ते बोलतो. या पूर्ण यादीत स्टिक नाही, थ्रॉटल नाही, रडर पेडल नाहीत. साडेतीन लाख खर्चून तू विमान कीबोर्डवर उडवणार होतास! आडव्या वाऱ्यात उतरताना पंख एका बाजूला झुकवून पायानं नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं असतं. ते कुठल्या बटणानं शिकशील? १९२९मध्ये एडविन लिंक यांनी पहिला गाजलेला सिम्युलेटर बांधला, तोही ऑर्गन या वाद्याचे भाते वापरून. त्यात बाहेरचं चित्रच नव्हतं. झाकण बंद करून वैमानिक समोरची उपकरणं वाचायचा आणि हातापायांनी यंत्र सांभाळायचा. दुसऱ्या महायुद्धातले हजारो वैमानिक त्यावर तयार झाले. चित्राशिवाय शिकता आलं, कारण हातात खरं नियंत्रण होतं. तू चित्र घेतलंस आणि नियंत्रण सोडून दिलंस.

तू वडिलांना सांगितलंस की हे पायलट होण्यासाठी आहे. त्यांनी विश्वास ठेवला, आणि म्हणून मी हे हसण्यावारी नेणार नाही. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. घरच्या संगणकावरचा एक तासही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्यात धरत नाही. हे तू त्यांना सांगितलंस का? डोळे, कान, रक्तदाब यांची क्लास टू मेडिकल तपासणी तू अजून केलेली नाहीस. ती आधी कर. डीजीसीएनं मान्य केलेल्या डॉक्टरकडे जा. दुर्गहून रेल्वेनं गोंदियाला जा, बिरसीला नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांना विचार की नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीच्या पेपरला ते कसा अभ्यास करतात. घरच्या सिम्युलेटरचा फायदा आहे, मोठा आहे. चेकलिस्टची शिस्त, रेडिओवर बोलायची सवय, नकाशा आणि घड्याळ धरून उडणं, हे तिथे घडतं. पण ते बसून केलेल्या सरावानं घडतं, कार्डाच्या किमतीनं नाही.

तुझं स्वप्न मला लहान करायचं नाही. तू वर्गात प्रश्न विचारणारा मुलगा होतास, म्हणूनच मी आवाज चढवतो आहे. ज्या मुलाला उडायचं आहे त्यानं इंधन न मोजता निघण्याची सवय आत्तापासून लावून घ्यायची नसते. वैमानिक निघण्याआधी वजन, इंधन, वारा, पर्यायी धावपट्टी सगळं कागदावर मांडतो. तुझा पहिला फ्लाइट प्लॅन ही यादीच आहे, आणि तिच्यात तू काहीच मांडलेलं नाहीस.

तर हे कर. पहिल्या कागदावर लिही: कुठला सिम्युलेटर, कुठलं विमान, किती पिक्सेलचा पडदा, आणि मित्राच्या यंत्रावर मोजलेले मेन थ्रेडचे आकडे. दुसऱ्यावर प्रत्येक भागाचे वॅट, त्यांची बेरीज, त्यावरून एसएमपीएस आणि यूपीएस, आणि मेमधल्या तुझ्या खोलीचं दुपारचं तापमान. तिसऱ्यावर किंमत, सीरियल नंबरासह पक्कं बिल मिळेल की नाही, आणि प्रत्येक भागाचं वॉरंटी केंद्र रायपूरला आहे, नागपूरला आहे की कुठेच नाही. नव्या यादीची पहिली ओळ स्टिक आणि रडर पेडलची असेल. ते दोन्ही आधी घे आणि आहे त्या संगणकावर, चित्र कितीही साधं ठेवून, रायपूरहून बिरसीपर्यंत उड. अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडं वर आहे. जीपीएस बंद ठेव. खाली रेल्वेलाइन धर, शिवनाथ नदी ओलांड, राजनांदगाव आणि डोंगरगड ओळख, प्रत्येक ठिकाणची वेळ वहीत लिही. ते जमेपर्यंत पुढचा एकही भाग मागवायचा नाही.

ते तीन कागद आणि ती वही घेऊन ये. हिशेब बरोबर असला तर तुझ्या वडिलांशी मी स्वतः बोलेन आणि पैसे द्या म्हणून सांगेन. चुकला असला तर परत पाठवीन, बरोबर येईपर्यंत. आता ही यादी उचल आणि कामाला लाग.